एंजेन्यो दि देंत्रोची चित्रशाळा

एमीजिओ दि बारोस हा ब्राझीलच्या नौदलाच्या गोदीतला यंत्रकामगार. कामात हात इतका तयार, की नौदलाने त्याला पुढचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं फ्रान्सला धाडलं. तो परत आला तेव्हा ज्या मुलीवर त्याचा जीव होता, तिचं त्याच्याच भावाशी लग्न झालं होतं. १९२४ मध्ये त्याला मनोरुग्णालयात भरती केलं आणि पुढची तेवीस वर्षं त्याच्याकडून कुणी कसली अपेक्षा ठेवली नाही. ‘जुनाट रुग्ण’ असा शेरा एकदा पडला, की माणूस अंगणातल्या गर्दीत जमा व्हायचा. १९४७ मध्ये बुकबाइंडिंग शिकवणारा एक सेवक काही रुग्णांना न्यायला त्या अंगणात आला. एमीजिओचं नाव त्याच्या यादीत नव्हतं. पण याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बरोबर येण्याची इच्छा दिसली, असं त्या सेवकाने नंतर सांगितलं. आणि तो त्याला घेऊनच आला.

पुढे एमीजिओ चित्रांच्या खोलीत बसू लागला. खिडक्या, झाडं, यंत्रशाळा, समुद्रकिनारा, उजेडाने भरलेले मोठमोठे कॅनव्हास त्याने रंगवले. कवी आणि कलासमीक्षक फेरेइरा गुलार यांनी तर ब्राझीलच्या चित्रकलेत अलौकिक प्रतिभेचा म्हणावा असा कदाचित हा एकच माणूस झाला, असं मत नोंदवलं.

तो सेवक चित्रकार नव्हता की डॉक्टर नव्हता. त्याने फक्त एका गप्प माणसाकडे नीट पाहिलं. रिओ दि जानेरोच्या उत्तर उपनगरातल्या एंजेन्यो दि देंत्रो इथल्या मनोरुग्णालयाचा इतिहास सांगताना तिथल्या चित्रांबद्दल पुष्कळ बोललं जातं. ती चित्रं बोलण्यासारखी आहेतच. पण रंग आणि कागद इतरही इस्पितळांत होते. इथे त्यांच्याबरोबर असं पाहणारं माणूस होतं, आणि ते हवंच असा आग्रह धरणारी एक डॉक्टर होती.

तिचं नाव नीझी दा सिल्व्हेरा. जन्म १९०५ चा, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या अलागोआस राज्यातल्या मासेयो शहरातला. वडील पत्रकार आणि गणिताचे शिक्षक, आई पियानो वाजवणारी. बाहियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तुकडीत ती एकटी मुलगी होती. १९३३ मध्ये स्पर्धा परीक्षा देऊन ती रिओतल्या सरकारी मनोरुग्णालयाच्या सेवेत लागली. तीन वर्षांनी एका परिचारिकेने तिच्या टेबलावरच्या मार्क्सवादी पुस्तकांची खबर वर पोचवली. जेतुलियो व्हार्गास यांच्या राजवटीत एवढं कारण पुरेसं होतं. नीझी यांना वर्षाहून अधिक काळ तुरुंगवास घडला. त्याच तुरुंगात कादंबरीकार ग्रासिलियानो रामोस होते. त्यांच्या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकात ही लाजरी, कृश डॉक्टर भेटते. सुटल्यावरही सरकारी नोकरीची दारं बंदच राहिली. ती उघडली १९४४ मध्ये, आणि नेमणूक मिळाली एंजेन्यो दि देंत्रोला.

तोवर मनोविकारशास्त्र पार बदललं होतं. व्हिएन्नाच्या मानफ्रेड साकेल यांनी इन्सुलिन टोचून रुग्णाला बेशुद्धीत नेण्याचा उपचार आणला होता. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेचे झटके देण्याचं यंत्र तयार केलं. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या पुढच्या भागातले धागे छेदण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे लोबोटॉमी, १९३५ मध्ये सुरू केली. १९४९ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळायचं होतं. हे सगळं तेव्हा आधुनिक विज्ञान होतं, आणि ते वापरणारे डॉक्टर क्रूर होते असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. हजारो रुग्ण, मूठभर डॉक्टर, गुणकारी औषध एकही नाही, अशा काळात हाताला लागेल तो उपाय ते करत होते.

कामावर रुजू झाल्यावर एका सहकाऱ्याने नीझी यांना झटक्यांचं यंत्र दाखवलं. रुग्ण आडवा झाला, बटण दाबलं गेलं, शरीर आचके देऊ लागलं. त्याला हलवून दुसऱ्याला आणलं, आणि आता तुम्ही दाबा, असं त्या सहकाऱ्याने म्हटलं. नीझी यांनी नकार दिला. इन्सुलिनलाही त्यांचा नकारच होता. सगळ्या विभागांत झटके आणि इन्सुलिनच चालू असताना अशा डॉक्टरला ठेवायचं कुठे? राहता राहिला व्यवसायोपचाराचा विभाग, ज्याकडे कुणाही महत्त्वाकांक्षी डॉक्टरचं लक्ष नव्हतं. तिथे उपचार म्हणजे रुग्णांनी फरशा पुसायच्या, संडास धुवायचे, इस्पितळाचं फुकटचं काम उरकायचं.

१९४६ मध्ये हा विभाग नीझी यांच्याकडे आला. शिवणकाम, बुकबाइंडिंग, सुतारकाम, बागकाम, संगीत, नाच, नाटक असे एकेक वर्ग त्या उघडत गेल्या. त्यातलाच एक चित्रकलेचा. इस्पितळात आल्मिर माव्हिन्ये नावाचा विशीतला कर्मचारी होता, त्याला चित्रकार व्हायचं होतं. दोघांनी मिळून त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये चित्रशाळा सुरू केली. माव्हिन्ये पुढे युरोपात गेला, जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन विद्यालयात शिकला आणि अमूर्त चित्रकार म्हणून नावारूपाला आला. त्याच्या या पहिल्या पाच वर्षांचं ऋण ब्राझीलच्या कलेवर आहे तितकंच मनोविकारशास्त्रावरही आहे.

चित्रशाळेचे नियम थोडे होते आणि बहुतेक ‘करू नये’ या प्रकारातले होते. विषय द्यायचा नाही. समोर नमुना ठेवून तो उतरवायला लावायचं नाही. चांगलं-वाईट म्हणायचं नाही. दारं उघडी ठेवायची; ज्याला उठून जायचंय त्याने जावं. करायच्या गोष्टी दोनच: प्रत्येक कागदावर नाव आणि तारीख घालून तो जपून ठेवायचा, आणि रुग्णाजवळ बसायचं.

जवळ बसणारे हे सेवक-सेविका इस्पितळाचे साधे नोकर होते. नीझी यांनी त्यांच्यासाठी वर्ग घेतले. ऐकताना सोपी वाटणारी ही गोष्ट कठीण होती. दुसरा माणूस तासन्‌तास काही बोलत नाही, बोलला तर ते कळत नाही, कधी कागद फाडतो, कधी नुसता बसून राहतो. अशा वेळी त्याला न हुसकता, न हुरळता, न घाबरता शेजारी बसायचं. आणि उद्या पुन्हा यायचं. रसायनशास्त्रात उत्प्रेरक असतो, तो स्वतः बदलत नाही, पण त्याच्या असण्याने अडून राहिलेली क्रिया चालू होते. त्यावरून नीझी या नात्याला ‘उत्प्रेरक जिव्हाळा’ म्हणत. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या भावना बोथट होऊन मरतात, असं तेव्हाची पाठ्यपुस्तकं सांगत होती. चित्रशाळेत रोज दिसणारं चित्र त्याच्या उलट होतं. भावना मेल्या नव्हत्या. त्या कुणाकडे सोपवाव्यात असं माणूस समोर नव्हतं.

राफाएल दोमिंगेस हे त्याचं ठळक उदाहरण. ड्राफ्ट्समनचं काम शिकणारा हा मुलगा ऐन पौगंडावस्थेत आजारी पडला. चित्रशाळेत आला तेव्हा त्याचं बोलणं तुटक आणि दुर्बोध झालं होतं. माव्हिन्ये त्याच्याशेजारी बसू लागला. राफाएलची रेघ हळूहळू अशी मोकळी झाली, की शाईच्या एका अखंड वळणात चेहरा, फुलदाणी, मांजर उभं राहू लागलं. त्याची सर्वांत नावाजलेली रेखाटनं माव्हिन्येच्या सहवासातल्या याच वर्षांतली आहेत. चेहऱ्यावरून पाहिलं तर तो पूर्वीसारखाच आजारी होता. कागदावर मात्र त्याचा हात आत कुठेतरी शाबूत असलेल्या माणसाची खूण देत होता.

आणि आदेलिना गोमेस. गरीब शेतकरी कुटुंबातली बुजरी मुलगी. अठराव्या वर्षी एका तरुणावर मन बसलं, आईने ते नाकारलं, मुलीने ऐकलं. काही काळाने तिने घरातल्या लाडक्या मांजरीचा गळा दाबला. १९३७ मध्ये तिला इस्पितळात आणलं गेलं. अंगावर धावून येणारी, कुणालाही जवळ येऊ न देणारी, अशी तिची ख्याती होती. चित्रशाळेत तिने पहिल्यांदा माती हातात घेतली आणि धिप्पाड, जडशीळ बायका घडवल्या, नवाश्मयुगातल्या मातृमूर्तींशी साम्य सांगणाऱ्या. मग कागदावर फुलं आली; मग फुलात अडकलेली बाई, बाईतून उगवणारं फूल, अशी चित्रांची रांगच लागली. नीझी यांना त्यात ग्रीक पुराणातली डॅफ्नी दिसली: अपोलोपासून पळताना झाड झालेली, आपलं स्त्रीपण झाडाच्या सालीआड लपवलेली. आईशी जखडलेली मुलगी असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

हे अर्थ सर्वांनाच पटतील असं नाही. पुराणकथेची चावी एकदा हातात आली की प्रत्येक कुलूप तिनेच उघडावंसं वाटतं, आणि नीझी यांच्या लेखनात काही ठिकाणी तो मोह जाणवतो. पण ज्या आधारावर त्या बोलत, तो आधार भक्कम होता. एकट्या चित्रावरून त्या काही सांगत नसत. तारीखवार लावलेली शेकडो चित्रं एकापुढे एक मांडली, की त्यांतून मनाची वाटचाल वाचता येते, हे त्यांचं म्हणणं. म्हणून तर एकही चिटोरं फेकायचं नाही हा नियम. आदेलिनाने १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत हजारो कलाकृती केल्या.

फेर्नांदो दिनिझची मालिका तर एखाद्या घराच्या बांधकामासारखी उलगडते. बाहियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा. आई श्रीमंतांच्या घरी जाऊन कपडे शिवायची, मुलगा तिच्याबरोबर जायचा. त्या घरांतली एक मुलगी त्याच्या मनात भरली. तिच्यायोग्य व्हायचं तर इंजिनिअर व्हायला हवं म्हणून तो अभ्यासाला लागला. तिचं दुसरीकडे लग्न झाल्याचं कळलं आणि सगळं सुटलं. १९४४ मध्ये कोपाकबानाच्या समुद्रात विवस्त्र पोहताना त्याला पकडलं आणि तिथून त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. सुरुवातीच्या त्याच्या कागदांवर वस्तूंची नुसती खिचडी होती. मग एकेक वस्तू सुटी होत गेली. खुर्ची, पडदा, टेबल, पियानो. मग जमीन आली, भिंती आल्या, आणि अखेर एक सजलेला दिवाणखाना पूर्ण उभा राहिला. ज्या खोल्यांच्या उंबऱ्यावर तो लहानपणी उभा राहिला होता, त्या त्याने स्वतःच्या हाताने रचून घेतल्या.

इस्पितळातलं बाकीचं जग मात्र आपल्याच वाटेने चाललं होतं. लुसियो नावाचा तरुण मातीतून ताठ उभे, ढाल घेतल्यासारखे योद्धे घडवत असे. १९४९ मध्ये साओ पाउलोच्या आधुनिक कला संग्रहालयात एंजेन्यो दि देंत्रोच्या नऊ कलाकारांचं प्रदर्शन भरलं. संग्रहालयाचे बेल्जियन संचालक लेओं दगां यांनी स्वतः निवड केली होती, आणि समीक्षक मारियो पेद्रोझा या कलेची बाजू वर्तमानपत्रांतून हिरिरीने मांडत होते. त्या नऊ जणांत लुसियो होता. नीझी यांचा विरोध असताना त्याच्यावर लोबोटॉमी झाली. त्यानंतर त्याच्या हातून झालेली कामं लहान मुलाने माती थापटावी तशी आहेत. आधीची आणि नंतरची शिल्पं नीझी यांनी शेजारी शेजारी ठेवली. त्यांच्या आयुष्यभराच्या लेखनात एवढा जळजळीत पुरावा दुसरा नाही.

त्याच काळात जगात इतरत्रही असे प्रयोग चालू होते. हायडेलबर्गच्या हान्स प्रिन्झहॉर्न यांनी मनोरुग्णांची चित्रं जमवून १९२२ मध्येच त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. ब्राझीलमध्येही ओझोरियो सेझार यांनी १९२९ मध्ये या विषयावर पुस्तक काढलं होतं. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द इंग्लंडचे चित्रकार एड्रियन हिल यांचा; क्षयाने सॅनिटोरियममध्ये पडून असताना चित्रांनी तगवलं, या अनुभवातून तो १९४२ मध्ये आला. आणि १९४६ मध्येच, नीझी चित्रशाळा उघडत होत्या तेव्हा, इंग्लंडमधल्या नेदर्न इस्पितळात एडवर्ड अ‍ॅडमसन या चित्रकाराने रुग्णांसाठी स्टुडिओ सुरू केला. मार्गदर्शन न करता सोबत करायची ही त्याचीही रीत होती. नीझी यांना स्वतःला ‘आर्ट थेरपी’ हे नाव फारसं रुचलं नाही. कला म्हटलं की चांगल्या-वाईटाची मोजपट्टी आत शिरते, अशी त्यांची तक्रार होती.

१९५२ मध्ये इस्पितळाच्याच आवारात या चित्रांचं संग्रहालय उभं राहिलं, अबोध मनाच्या प्रतिमांचं संग्रहालय. ते चित्रशाळेपासून वेगळं काढलं नाही, ही त्याची खरी ताकद. चित्र जिथे जन्मतं तिथेच ते जपलं जातं.

संग्रहातल्या एका गोष्टीने नीझी यांना वर्षानुवर्षं कोड्यात टाकलं होतं. रुग्ण पुन्हा पुन्हा वर्तुळं काढत. कधी भोवती पाकळ्या, कधी चार दिशांना चार आकृत्या, मध्ये एक ठसठशीत केंद्र. अगदी मंडलं. ज्यांचं मन दुभंगलं आहे असं सगळे म्हणतात, त्यांच्या हातून इतका नेमका मध्यबिंदू कसा उमटतो? १९५४ मध्ये त्यांनी छायाचित्रं जोडून कार्ल युंग यांना पत्र लिहिलं. ही मंडलंच आहेत, असं उत्तर आलं. विस्कळीत होऊ लागलेलं मन स्वतःला सावरण्याचा प्रयत्न करतं तेव्हा ती उमटतात. १९५७ मध्ये झ्युरिकला जागतिक मनोविकार परिषद भरली, तेव्हा या चित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन ब्याऐंशी वर्षांच्या युंग यांनी केलं.

त्या भेटीत युंग यांनी नीझी यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पुराणकथांचा अभ्यास करा, त्याशिवाय तुमच्या रुग्णांचं बोलणं तुम्हाला कळणार नाही. ही गोष्ट सगळे चरित्रकार सांगतात. दुसरी तिच्याइतकीच मोलाची आहे. चित्रं पाहून युंग यांनी विचारलं, की हे लोक कसल्या वातावरणात काम करतात? इतक्या गंभीर रुग्णांच्या चित्रांत सहसा न आढळणारा मेळ त्यांना दिसला होता. यांच्याभोवती आपुलकीने वागणारी, आणि अबोध मनाला न घाबरणारी माणसं असणार, असा त्यांनी अंदाज केला. अटलांटिकपलीकडचं ते इस्पितळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेजारी बसलेले सेवक त्यांना चित्रांतूनच दिसले.

जिव्हाळा द्यायला माणूसच लागतं असंही नाही, हे नीझी यांना एका भटक्या कुत्रीने शिकवलं. आवारात उपाशी सापडलेली ही पिल्लू कुत्री त्यांनी एका रुग्णाच्या हवाली केली. कारालांपिया हे तिचं नाव. रामोस यांनी मुलांसाठी लिहिलेल्या कथेत हे नाव नीझी यांच्यावर बेतलेल्या राजकन्येला दिलं होतं. जो माणूस कुणाशी बोलत नव्हता तो तिच्यासाठी अन्न राखून ठेवू लागला. त्यानंतर कुत्री-मांजरं चित्रशाळेत मोकळी फिरू लागली. नीझी त्यांना सह-उपचारक म्हणत. माणूस केव्हा दगा देईल याचा भरवसा नाही, पण जनावर काल होतं तसंच आज असतं, आणि ज्याचं जगच हललंय त्याला हे स्थैर्य हवं असतं, असं त्या सांगत. अस्वच्छतेचं कारण पुढे करून याला कडवा विरोध झाला. पुढे काही कुत्र्यांना इस्पितळाच्या आवारातच विष घालून मारण्यात आलं. ज्या रुग्णांनी त्यांच्यावर भरवसा टाकला होता, त्यांचं काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको.

इतकं सगळं होऊनही एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी: चित्रं काढून हे लोक बरे होऊन घरी गेले, असं सरसकट घडलं नाही. कार्लोस पेर्तुइस हा चप्पल-बुटांच्या कारखान्यातला कामगार. १९३९ मध्ये एके सकाळी आरशावर पडलेल्या सूर्यकिरणात त्याला ईश्वराचं तारांगण दिसलं आणि त्याच दिवशी त्याला इस्पितळात आणलं. ते तारांगण त्याने रंगवलं, आणखी हजारो चित्रं काढली, पण १९७७ मध्ये मरेपर्यंत तो रुग्णच राहिला. नीझी यांनी बरं करण्याचा दावा केला नाही. ज्याचं जगणं भिंतीआड संपणार होतं, त्याला त्या भिंतीआडही कुणीतरी आपलं असावं आणि काही घडवायला मिळावं, एवढं त्यांनी मिळवून दिलं. एवढं म्हणताना ते किती होतं, हे अंगणात तेवीस वर्षं काढलेल्या एमीजिओच्या चित्रांपुढे उभं राहिल्यावर कळतं.

जे घरी जात, त्यांतले अनेक परत येत. घरी त्यांची वाट पाहणारं कुणी नसे, शेजारी लांब राहत, आणि पुन्हा भरतीची वेळ येई. म्हणून १९५६ च्या डिसेंबरमध्ये नीझी यांनी रिओत ‘कासा दास पाल्मेइरास’ हे केंद्र काढलं. दिवसा यायचं, रंगवायचं, शिवायचं, संध्याकाळी आपापल्या घरी जायचं. दाराला कुलूप नाही, पांढरा कोट नाही. त्या काळात लॅटिन अमेरिकेत ही कल्पना जवळजवळ कुणी ऐकलेली नव्हती.

सत्तरी झाल्यावर नियमाप्रमाणे नीझी यांना निवृत्त व्हावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या संग्रहालयात हजर झाल्या आणि आपण नवीन शिकाऊ उमेदवार आहोत असं सांगितलं, ही आठवण तिथे अजून निघते. पुढच्या काळात त्यांनी ग्रंथ लिहिले. दिग्दर्शक लिओन हिर्झमान यांनी फेर्नांदो, आदेलिना आणि कार्लोस यांच्यावर तीन माहितीपट केले. फेर्नांदोने स्वतः अ‍ॅनिमेटर मार्कोस मागाल्याइस यांच्याबरोबर हजारो रेखाटनं करून ‘आठ टोकांचा तारा’ हा अ‍ॅनिमेशनपट १९९६ मध्ये पूर्ण केला. तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, फेर्नांदो आणि नीझी दोघंही गेले.

२००१ मध्ये ब्राझीलने मनोरुग्णांच्या हक्कांचा कायदा केला आणि माणसांना वर्षानुवर्षं कोंडून ठेवण्याऐवजी वस्तीतल्या केंद्रांत उपचार देण्याचं धोरण स्वीकारलं. एंजेन्यो दि देंत्रोच्या इस्पितळाला आता नीझी यांचं नाव आहे. संग्रहात साडेतीन लाखांहून अधिक कलाकृती आहेत. २०२२ मध्ये राष्ट्राच्या वीर-वीरांगनांच्या अधिकृत ग्रंथात नीझी यांचं नाव नोंदवण्याचा ठराव ब्राझीलच्या संसदेने केला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांनी तो नामंजूर केला. संसदेने त्यांची नामंजुरी फेटाळून नाव नोंदवून घेतलं. चित्रशाळा अजून चालू आहे. तिथे येणारे लोक काम आटोपलं की संध्याकाळी आपापल्या घरी जातात.